कोणता काका

दुपारी मुलं झोपली की माझ्या घरात पंख्याचा तेवढा आवाज असतो. त्या वेळात मी ओट्याशी उभी राहून संध्याकाळच्या खाण्याची तयारी करते आणि कान हॉलकडे ठेवते. पाळणाघर चालवणाऱ्या बाईचे हात कुठेही असोत, कान मुलांकडेच असावे लागतात. त्या दिवशी मी शेंगदाणे भाजत होते. हॉलमधून कुजबुज ऐकू आली.

"आवाज काढायचा नाही. आवाज काढलास तर तुझ्या आईला मारून टाकीन."

आवाज लहान मुलीचा होता. शब्द मात्र कुणा मोठ्याचे होते, सावकाश, दम देत बोललेले. गॅस बंद करून मी बाहेर आले. आमच्याकडे येणारी साडेपाच वर्षांची एक मुलगी गादीवर गुडघे टेकून बसली होती. तिच्यापुढे तीन वर्षांचा एक छोटा आडवा पडला होता आणि त्याच्या तोंडावर तिने चादर दाबून धरली होती. तो रडतही नव्हता. डोळे मोठे करून नुसता पडला होता.

मी चादर काढली, छोट्याला उचललं आणि आमच्या मावशींच्या कडेवर दिलं. मावशी म्हणजे माझ्या मदतीला येणाऱ्या बाई. त्यांना खुणेनेच आत जायला सांगितलं. मुलीला रागावले नाही. रागावलं की मूल बोलायचं थांबतं, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं आहे. तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, "हा कुठला खेळ गं?"

"काकाचा."

"कुठला काका?"

"काका. तो असंच म्हणतो."

"कुणाला म्हणतो?"

ती चादरीचा निघालेला दोरा ओढत बसली. मग खाली बघूनच म्हणाली, "सांगायचं नसतं."

मी तिच्या हातातली चादर घेतली आणि घडी करत बसले.

वारज्यात आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर मी हे पाळणाघर चालवते. नवरा निवृत्त झाला, मुलगा परगावी गेला, आणि मोकळ्या झालेल्या घरात शेजारणीने आपलं बाळ महिनाभर सांभाळायला दिलं. तो महिना अजून संपायचा आहे. मुलं मला आजी म्हणतात, त्यांचे आईबाप काकू म्हणतात. ही मुलगी दोन वर्षांपासून माझ्याकडे होती. वडील घरूनच कंपनीचं काम करायचे, आई कॅम्पात नोकरीला. सकाळी आई तिला माझ्याकडे सोडायची. शाळेची व्हॅन इथूनच न्यायची, शाळा सुटली की इथेच परत आणायची आणि पाचच्या सुमारास तिचा काका तिला घेऊन जायचा.

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. त्यांचं मूळ घर मांजरीचं, उसाची शेती असलेलं. त्याला वारज्याजवळ एका गोदामात नोकरी लागली होती आणि शहराच्या त्या टोकाहून या टोकाला रोज येणं परवडणारं नव्हतं, म्हणून तो भावाकडे राहायला आला होता. सकाळची पाळी करून मोकळा झाला की पुतणीला न्यायला यायचा. पंचविशीचा, कमी बोलणारा मुलगा. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवायचा. माझं त्याच्याबद्दल काही वाईट मत नव्हतं. चांगलंही नव्हतं. मत करून घ्यावं असं त्याने कधी काही केलंच नव्हतं.

गादीवर बसल्या बसल्या मला गेले दोन-तीन आठवडे आठवायला लागले. ही बडबडी पोर गप्प झाली होती. बाथरूमला जाताना मावशींना दाराशी उभं राहायला लावायची. एकदा झोपेत दचकून उठून आईला फोन लावा म्हणाली, आणि आईचा आवाज ऐकला की लगेच फोन परत दिला. मी म्हटलं होतं, आईची आठवण येत असेल. आता त्या सगळ्याचा एकच अर्थ मला दिसायला लागला.

नवरा मंडईत गेला होता. कोपऱ्यावर भाजीवाला असताना मंडईतूनच भाजी आणायची हा त्याचा नेम. त्याला फोन करून काय सांगणार होते? मुलीच्या आईला लावला, तर ती मीटिंगमध्ये. मेसेज टाकला की आज तुम्ही स्वतः या, दुसऱ्या कुणाला पाठवू नका. मेसेज गेला आणि मग लक्षात आलं की आता पाचला तो येणार आणि मला त्याला काहीतरी सांगावं लागणार.

तो वेळेवर आला. बेल वाजली तशी ती उठली, दप्तर ओढत धावत दाराशी गेली, उलटसुलट चपला घातल्या. रोज जायची तशीच. यानेही मला धीर आला नाही. मुलं ज्याला भितात त्याच्याकडेही धावत जातात, हे मी ऐकून होते. मी पुढे होऊन तिचं मनगट धरलं.

"आज तिची आई येणार आहे न्यायला," मी म्हटलं.

"वहिनी काय बोलल्या न्हाईत मला."

"मी बोलले त्यांच्याशी." हे खरं नव्हतं.

"बरं न्हाई का तिला? ताप हाय?"

"ताप नाही."

"मग काय झालंय?"

"आई येऊ दे तिची."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. तिचं मनगट मी किती घट्ट धरलं होतं ते माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. तो मागे वळला, आणि मला वाटलं गेला, तर समोरच्या पार्किंगच्या कट्ट्यावर जाऊन बसला.

तो बसूनच राहिला. मी दाराला आतून कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला, आणि दर थोड्या वेळाने पडद्याच्या फटीतून बघत राहिले. बाकीच्या मुलांना न्यायला पालक येत होते. प्रत्येकाला मी हसून दार उघडत होते आणि लगेच लावत होते. मावशींनी विचारलं, "काय झालं बाई?" मी म्हटलं, "काही नाही, तुम्ही तिच्याजवळ बसा." ती रंगवत बसली होती. मधूनच विचारायची, "आजी, आई येणार ना? नक्की येणार ना?"

आई आली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि मुलीने जे शब्द उच्चारले ते जसेच्या तसे सांगितले. माझ्या मनातलं एक अक्षर त्यात घातलं नाही. घालायची गरजच पडली नाही. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"मी येईपर्यंत ती त्याच्याजवळच असते," ती म्हणाली. मग म्हणाली, "हे घरात असतात, पण दार लावून." आणि थांबली.

मुलीला घेऊन ती निघाली. दीर कट्ट्यावरून उठून उभा राहिला. "वहिनी," एवढंच म्हणाला. ती त्याच्याकडे न बघता रिक्षात बसली. मी दारातून बघत होते.

थोड्या वेळाने मुलीच्या वडिलांचा फोन आला.

"काकू, तुम्ही माझ्या भावाबद्दल बोलताय, याची कल्पना आहे ना तुम्हाला?"

"मी कुणाबद्दल बोलले नाही. मुलगी काय म्हणाली ते सांगितलं."

"ती पाच वर्षांची आहे हो."

"म्हणूनच सांगितलं."

त्यांनी फोन ठेवला. पण भावाला त्यांनी त्याच संध्याकाळी मांजरीला पाठवलं, हे मला नंतर कळलं. दोन कपडे पिशवीत टाकून तो गेला. कारण कुणी तोंडाने सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

माझ्या ओळखीच्या एक समुपदेशक आहेत, लहान मुलांसाठीच काम करतात. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला पुन्हा पुन्हा विचारू नका. आपल्या तोंडून कुणाचं नाव काढू नका. उद्या घेऊन यायला सांगा. ती स्पष्ट बोलली तर पोलिसांना कळवावं लागेल, तिथे कुणाच्या घरच्या अब्रूचा विचार करता येणार नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे. माहीत होतं, तरी ते कानांनी ऐकल्यावर रात्री जेवण गेलं नाही. एकीकडे वाटत होतं की आपण गप्प बसलो असतो तर काय झालं असतं, आणि दुसरीकडे वाटत होतं की आपलं चुकलं असेल तर त्या मुलाचं काय होईल. दोन्ही विचार एकाच वेळी छातीवर बसलेले.

पहिल्या बैठकीत मुलगी काही बोलली नाही. चित्र काढलं. मोठी काळी गाडी आणि टोपी घातलेला माणूस. "तिच्या काकाकडे गाडी आहे का?" समुपदेशकांनी आईला विचारलं. त्याच्याकडे जुनी स्कूटर होती आणि टोपी तो कधीच घालत नसे. पण यावरून काही ठरवता येत नाही, असं त्या म्हणाल्या. पुन्हा बोलावलं.

आईने काही दिवस रजा घेऊन तिला घरीच ठेवलं होतं, ती रजा संपली तशी मुलगी परत माझ्याकडे यायला लागली. आता न्यायला आणि सोडायला फक्त आई. दाराशी आम्ही दोघी एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हतो. तिला माझा राग होता की आधार वाटत होता, मला सांगता आलं नसतं. बहुधा तिलाही.

आणि मग एका दुपारी सगळं उलगडलं. मावशी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसल्या होत्या आणि समोर फोन टेकवून काहीतरी बघत होत्या. आवाज बारीक होता. फोनमधून एक शिट्टी वाजली, लांबलचक, कुणीतरी मोकळ्या रस्त्याने एकटं वाजवत जावं तशी. मी हॉलमध्ये मुलांची पांघरुणं सारखी करत होते. ती मुलगी ताडकन उठून बसली. दोन्ही कानांवर हात दाबले आणि जेवणाच्या टेबलाखाली शिरून भिंतीला टेकली. तिने चड्डी ओली केली होती.

"काका आला," ती म्हणाली.

मी तिथेच जमिनीवर बसले. मावशींना आतूनच फोन बंद करायला सांगितलं. काय विचारावं हे सुचायला वेळ लागला. मग म्हटलं, "ही शिट्टी तू आधी कुठे ऐकलीस?"

"टॅबमध्ये. काका आला की वाजते. मग तो गाडीत घालतो."

"टॅबमधला काका?"

तिने मान हलवली.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आधी तिला बाहेर काढलं, कपडे बदलले, मांडीवर घेऊन बसले. ती झोपल्यावर मावशींना विचारलं, तुम्ही काय बघत होता? त्या बिचाऱ्या घाबरून गेल्या होत्या. त्यांनी दाखवलं. एका मालिकेची जाहिरात होती. लहान मुलं पळवणाऱ्या माणसाची गोष्ट, मूळ दुसऱ्या भाषेतली, मराठी आवाज दिलेली. त्यात सगळी मुलं त्या माणसाला काका म्हणतात. आपल्याकडे वॉचमन काका, भाजीवाले काका, व्हॅनवाले काका. पुरुष दिसला की काका म्हणायला आपणच शिकवतो. आणि मालिकेच्या चित्रावर कोण होतं, तर दोन वेण्या घातलेली, पाठीवर दप्तर घेतलेली सहा-सात वर्षांची मुलगी, हसणारी.

आईला फोन केला. तिने लगेच नवऱ्याला केला. त्याने टॅब उघडला, आणि तासाभरात दोघंही माझ्या दारात उभी होती, ती कॅम्पातून रिक्षा करून, तो घरच्या कपड्यांत.

झालं होतं ते असं. वडिलांनी कधीतरी त्या मालिकेचा पहिला भाग थोडा बघून सोडून दिला होता. ॲप उघडलं की ते चित्र सगळ्यात वर दिसायचं. सगळ्यांना मिळून एकच खातं, त्यांच्याच नावाचं. मुलीला कार्टून लावून दिलं जायचं, ते संपलं की तिला ते चित्र दिसायचं, आणि आपल्याएवढ्या मुलीची गोष्ट आहे म्हणून तिने त्यावर बोट ठेवलं. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू व्हायचा. काका तिला घरी सोडून व्यायामाला जायचा, हे तिच्या आईला माहीतच नव्हतं, तिचे वडील आतल्या खोलीत परदेशातल्या लोकांशी बोलत असायचे, आणि त्यांच्या कामात आवाजाचा त्रास नको म्हणून तिला सुंदर गुलाबी हेडफोन आणून दिले होते. त्यामुळे ती काय ऐकतेय ते घरात कुणालाच ऐकू येत नव्हतं. मालिका अर्ध्याच्या पुढे गेली होती.

वडील माझ्या हॉलमध्ये लहान मुलांच्या खुर्चीवर बसून रडले. पुरुषाला इतकं जवळून रडताना बघायची मला सवय नाही. मी पाणी आणून ठेवलं.

"म्हणजे तसं काही झालं नाही," ते म्हणाले. "काहीच झालं नाही ना?"

हेच वाक्य ते दुसऱ्या दिवशी समुपदेशकांपुढेही बोलले. त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाने काही केलं नाही. पण तिच्या दृष्टीने ते झालेलं आहे. तो माणूस पडद्यातून तिच्याकडे बघून म्हणाला की सांगितलंस तर आईला मारीन, आणि तिने ते खरं मानलं."

तेव्हा आई हळूच म्हणाली, "मी घरी आले की ती रोज माझ्या गळ्याला हात लावून बघायची. मला वाटायचं, लाड करतेय."

म्हणजे इतके दिवस ती साडेपाच वर्षांची पोर आईचा जीव एकटी सांभाळत होती. कुणाला सांगितलं की आई जाणार, म्हणून गप्प. आणि आई संध्याकाळी जिवंत परत येते की नाही, याची रोज वाट बघत.

पुढचं काम सावकाश झालं. समुपदेशकांच्या सांगण्यावरून आईबापांनी तिच्यासमोर घरातच एक छोटा व्हिडिओ केला. वडील डोक्याला टॉवेल गुंडाळून चोर झाले, आई सोफ्यावर मरून पडली, मग उठून चहा प्यायली. मुलीने स्वतः फोन धरला होता. तिने तो प्रसंग पुन्हा पुन्हा करायला लावला. आईला किती वेळा मरावं लागलं याची गणती नाही. एका रविवारी ती म्हणाली, आता मी चोर होते, आणि तेव्हा समुपदेशकांना फोन करून सांगावंसं वाटलं इतकं आईला हलकं वाटलं.

ॲपमध्ये मुलांसाठी वेगळं खातं करता येतं, मोठ्यांच्या खात्याला आकड्यांचं कुलूप लावता येतं, पुढचा भाग आपोआप लागणं बंद करता येतं, मुलाच्या वयाप्रमाणे काय दिसावं ते ठरवता येतं. वडिलांनी ते सगळं माझ्यासमोर बसून केलं. "पाच मिनिटांचं काम होतं," ते म्हणाले आणि मान वर केली नाही. हेडफोन काढून घेतले. टॅब हॉलमध्ये, माणसं असताना, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

मी बाकीच्या पालकांनाही एका शनिवारी बोलावलं. कुणाचं नाव न घेता सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे मुलांचं खातं वेगळं आहे हो, आम्ही काळजी घेतो." मी म्हटलं, "छान. उघडून दाखवा." त्यांनी उघडलं. मुलाच्या खात्यावर महिनाभर काहीच बघितलेलं नव्हतं. चार वर्षांचा मुलगा आजोबांच्या खात्यावर मारामारीचे सिनेमे बघत होता, आणि आजोबा शेजारीच बसून पेंगत होते. त्यानंतर कुणी काळजी घेतो म्हणालं नाही. सगळे आपापले फोन काढून बघायला लागले. मीही माझा टीव्ही तपासला. उशिरा येणाऱ्या पालकांच्या मुलांना मी बडबडगीतं लावून देत होते. गाण्यांच्या मध्ये कसल्या जाहिराती येतात ते एकदा बसून नीट बघितलं, आणि टीव्ही बंदच करून टाकला. मुलांनी चार दिवस कटकट केली. मावशींचा फोन आता कामाच्या वेळात कपाटात असतो. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

पण त्या काकाचं राहिलंच.

तो एका सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे आला. मांजरीहूनच आला होता. नवऱ्याने दार उघडलं, मला हाक मारली आणि स्वतः आत निघून गेला. मी त्याला बसा म्हटलं. तो बसला नाही.

"तुम्ही मला इचारलं असतं तर?" तो म्हणाला.

"काय सांगितलं असतं तुम्ही?"

"न्हाई म्हणून सांगितलं असतं."

"आणि ज्याने केलं असतं, त्याने काय सांगितलं असतं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्योबी न्हाईच म्हणाला असता."

"म्हणून नाही विचारलं."

मी म्हटलं, "तुम्हाला जो त्रास झाला त्याचं मला वाईट वाटतं. मनापासून वाटतं. पण उद्या परत असं झालं तर मी परत तेच करीन."

"ते कळलं मला," तो म्हणाला. "तिला धरून ठेवलंत ते बरंच केलं. पण दादाने एका शब्दाने इचारलं न्हाई, ते लागलं. आईनं घरी इचारलं, का रे आलास परत. काय सांगणार हुतो?"

त्या दिवशी कट्ट्यावर का बसून राहिलात, असं मी विचारलं. तो म्हणाला, "पोरगी आत होती, आन् काय झालंय ते कळंना. कसा जाऊ?"

पडद्याआडून मी त्याला किती वेळ न्याहाळत होते, आणि त्या वेळात त्याच्याबद्दल काय काय मनात आलं होतं, ते त्याला कधी सांगितलं नाही. सांगणारही नाही. चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाला.

भावाभावांमध्ये बोलणं सुरू झालं आहे. त्याने मांजरीजवळच दुसरी नोकरी धरली. सणावाराला वारज्याला येतो, पुतणीला स्कूटरवरून फिरवून आणतो. ती आता शाळेत पुढच्या वर्गात गेली आहे आणि पुन्हा एवढी बोलते की मावशी वैतागतात. मध्यंतरी तिच्या आईने मला विचारलं, "काकू, दीर आमच्याकडे आलेले असताना कधी मला उशीर झाला तर त्यांना पाठवू का न्यायला? तुमची हरकत नाही ना?"

"माझी काय हरकत असणार," मी म्हटलं. "त्याला विचारा."

तिने विचारलं. सकाळी कधी मुक्कामाला असला तर पुतणीला सोडायला तो येतो, दारातून हात हलवतो, माझ्याशी दोन शब्द बोलतो. न्यायला मात्र तो नको म्हणाला. आईने त्याला पुन्हा विचारलं नाही, मीही तो विषय काढलेला नाही.